किचनमधला सहा लिटरचा गिझर: भांड्यांना फुल्ल मार्क, आमटीला अजिबात नको

नेरुळला आमच्या बिल्डिंगमध्ये आत्तापर्यंत चार जणींनी लिफ्टमध्ये गाठून विचारलंय, किचनमध्ये गिझर बसवलास ना, कसा आहे गं, आम्ही पण घेऊ का, आणि दर वेळी सातवा मजला येईपर्यंत माझं अर्धंच सांगून होतं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाहीये, कारण आमच्याकडे जे झालं ते कुठल्याही कंपनीच्या गिझरमध्ये होऊ शकतं हे आता कळलंय. सर्व्हिसवाल्यांवर मात्र राग आहे, तो पुढे येईलच.

तर वस्तू अशी. सहा लिटरचा स्टोरेज गिझर, २ किलोवॉटचा, उभा, सिंकच्या वर कोपऱ्यात लावलाय. गेल्या दिवाळीच्या आधी वाशीतून घेतला, ४,८०० ला पडला. तीन लिटरचा इन्स्टंट पण होता, स्वस्त होता, पण दुकानदार म्हणाला ताई चार माणसांची भांडी आहेत ना, तीन लिटरमध्ये कढई घासून होईस्तोवर पाणी गार यायला लागेल, आणि ते मला पटलं. स्टोरेजवाल्यावर स्टारचं लेबल असतं, ते स्टार पाणी किती पटकन तापतं त्याचे असतात असं मला इतकी वर्षं वाटत होतं, तसं नाहीये, तापलेलं पाणी नुसतं आत बसून राहिलं तर चोवीस तासांत किती वीज फुकट जाते त्यावर ते ठरतात. म्हणजे बटण बंद करायची सवय असेल तर स्टारचं एवढं टेन्शन नको. प्रेशरचा आकडा मात्र बघून घ्या, डब्यावर बारमध्ये लिहिलेला असतो. दर दहा मीटर उंचीला साधारण एक बार धरायचा, आमच्या डोक्यावरच टाकी आहे त्यामुळे आमच्या नळाला तसंही रडकंच पाणी येतं, पण वीस-पंचवीस मजली टॉवरमध्ये खालच्या मजल्यावर राहणारे किंवा प्रेशर पंप लावलेले, त्यांनी ८ बारवालाच घ्या.

बसवायचं काम हे गिझर घेण्यापेक्षा डोक्याला जास्त ताप. २ किलोवॉट म्हणजे नऊ अँपिअरच्या आसपास करंट, मिक्सरच्या सहा अँपिअरच्या सॉकेटला तो लावायचाच नाही, त्याला सोळा अँपिअरचा पॉइंट आणि जाड वायर बोर्डापासून वेगळी ओढून घ्यावी लागते, त्याचे १,२०० गेले. प्लंबर आला तो पिशवीत पांढऱ्या पाइपचा तुकडा घेऊन, म्हणाला वहिनी पाव फूट तर आहे, काय फरक पडतोय. फरक पडतो. पांढरा यूपीव्हीसी हा गार पाण्याचा, गरम लाइनीला तो क्रीम रंगाचा सीपीव्हीसीच लागतो, नाहीतर सांधा नरम पडून एक दिवस रात्री तीनला किचनचं तळं होतं. आमच्या ह्यांनी हे कुठेतरी वाचलेलं म्हणून वाचलो. आणि ते जे वेणीसारखी जाळी असलेले कनेक्शन पाइप देतात ना, त्यांच्या आत रबराची नळी असते, स्वस्तातले घेतले तर पहिले काही आठवडे गरम पाण्याला टायरसारखा वास येतो. आमच्या येत होता.

आता कौतुक. भांड्यांसाठी ही वस्तू म्हणजे खरंच सुख आहे. आमच्याकडे भांड्यांची मावशी सकाळीच येते, रात्रीची भांडी माझी, आणि डिसेंबर-जानेवारीत रात्री दहाला त्या गार पाण्यात तुपाचं पातेलं घासणं काय असतं ते ज्यांनी केलंय त्यांनाच माहीत. मिसळीचा कट केलेलं पातेलं, वड्यांची कढई, तुपाची बेरी लागलेलं भांडं, सगळं नुसत्या कोमट पाण्याच्या धारेने सुटतं, साबण निम्मा लागतो. फक्त एक, दुधाच्या पातेल्याला आणि अंड्याच्या भांड्याला आधी गारच पाणी घाला, गरम घातलं की ते उलट शिजून चिकटतं, मी आधी दोनदा गरम पाणी घालून मग नखांनी खरवडत बसलेय. साठला सेट केलेला असतो, सत्तावीस-अठ्ठावीसच्या पाण्याला तिथपर्यंत जायला सात मिनिटं लागतात, जेवणं होता होता बटण दाबायचं, ताटं उचलेपर्यंत तयार.

इथपर्यंत पाच स्टार. प्रॉब्लेम पुढे सुरू होतो, कारण गरम पाणी हाताशी आलं की ते कुकरमध्ये पण घालावंसं वाटतं. कोणाला नाही वाटणार. सकाळी साडेसहाला डबे, साडेसातला मला महापेला ऑफिसला पोचायची घाई, डाळ-तांदळाला पाणी घालायचंच आहे तर डावीकडचा, म्हणजे गिझरचा, नळ सोडला की झालं, शिटी लवकर होणार, गॅस वाचणार. मी गिझर लागल्यापासून हेच करायला लागले, आणि सासूबाईंनी पहिल्याच दिवशी पाहिलं.

"अगं, ते न्हाणीतलं पाणी आमटीत कशाला घालतेस?"

आई संगमेश्वरकडच्या, त्यांच्या डोक्यात गिझर म्हणजे आंघोळ, तो किचनमध्ये लावा नाहीतर दिवाणखान्यात, त्यातलं पाणी आंघोळीचंच. मी म्हटलं आई पाणी तेच आहे, एकाच टाकीतून येतंय, नुसतं तापवलंय. त्या काही बोलल्या नाहीत, पण त्यांच्या चहाचं पाणी त्या उजवीकडूनच घ्यायच्या. त्यांची एक मैत्रीण आहे भजनातली, ती तर छातीठोक सांगते की गार पाणी गरम पाण्यापेक्षा लवकर उकळतं म्हणून गारच घ्यायचं. हे मात्र साफ खोटं आहे, मी मोबाईलवर स्टॉपवॉच लावून बघितलं, एकच पातेलं, एकच बर्नर, एक लिटर पाणी. उजवीकडच्या नळाचं पाच मिनिटं दहा सेकंदांत उकळलं, डावीकडचं सव्वातीन मिनिटांत. गार पाणी उकळायला तापत तापत गरम पाण्याच्या पायरीवरूनच जाणार ना, मग ते आधी कसं पोचेल. (ते जे गरम पाणी आधी गोठतं असं म्हणतात ते वेगळं, टांझानियातल्या एम्पेम्बा नावाच्या शाळकरी मुलाने १९६३ मध्ये आइस्क्रीम करताना ते बघितलं होतं आणि त्यावर शास्त्रज्ञ अजून भांडतायत. बहुतेक त्यावरूनच भजनी मंडळापर्यंत उलटं होऊन पोचलं असावं.)

मी स्टॉपवॉच घेऊन जिंकल्यासारखी बाहेर आले तर ह्यांनी शांतपणे विचारलं, आणि गिझर किती वेळ चालू होता? सात मिनिटं. म्हणजे दोन मिनिटं वाचवायला मी सात मिनिटं वीज जाळली होती. मग बसून हिशोब केला. दोन लिटर पाणी नळापासून उकळीपर्यंत नुसत्या पाइपच्या गॅसवर नेलं तर, शेगडीची जवळजवळ निम्मी आच भांड्याच्या बाजूने वाया जाते ते धरून सुद्धा, आमच्या बिलाच्या दराने दीड रुपयाच्या आसपास. तेच पाणी साठपर्यंत गिझरमध्ये आणि पुढे गॅसवर, तर विजेचे पाऊण आणि गॅसचे पाऊण-एक, म्हणजे तेवढेच झाले, एखाद-दोन पैसे जास्तच. वर गिझर दोन लिटर तापवत नाही, सहाच्या सहा तापवतो, उरलेलं चार लिटर आत बसून गार होतं. बचत वगैरे काही नाही.

चवीचं पण सांगते. चहाला गिझरचं पाणी मी शपथेवर ओळखू शकते. पाणी तापलं की त्यातली विरघळलेली हवा निघून जाते, ते परत उकळलं की एकदम सपाट लागतं, त्यात आमच्याकडे त्या रबराच्या नळीचा वास. आमटीत, मसाल्यात कळणार नाही, वरणभातात कळतं.

तरी मी घालतच होते, खोटं कशाला बोलू. थांबले ते गणपतीला गावाहून आल्यावर.

बारा दिवस घर बंद होतं, मेन स्विच बंद करून गेलो होतो. रात्री अकराला पोचलो, सगळ्यांना चहा हवा होता, मी गिझर लावून डावीकडचा नळ सोडला आणि अख्ख्या किचनमध्ये सडक्या अंड्याचा वास. पाणी पिवळट. उजवीकडचा नळ सोडला, त्याला काही नाही, स्वच्छ. आईंनी ‘बघ’ एवढंच म्हटलं, ते सुद्धा हळू, पण ते ‘बघ’ मला आठवडाभर ऐकू येत होतं.

कंपनीच्या टोल फ्रीवर तक्रार केली. दुसऱ्या दिवशी येतो म्हणाले, आले नाहीत, परत तक्रार केली, मेसेज आला की काम पूर्ण झालं, अहो कुठे पूर्ण झालं, माणूसच आला नाही. चौथ्या दिवशी मेकॅनिक आला. तो पोरगा मात्र चांगला होता, हे प्रामाणिकपणे लिहिते. म्हणाला वहिनी एक परात द्या, आणि गिझर उतरवून परातीत उलटा केला. तांबूस गाळ, पांढरे पापुद्रे, आणि आतून बाहेर काढली ती एक काडी, कोणीतरी उंदराने कुरतडल्यासारखी. मला वाटलं कॉइल गेली. नाही, म्हणाला, ही मॅग्नेशियमची रॉड आहे, हिला खायलाच ठेवलेली असते. लोखंडी टाकीला आतून काचेसारखा मुलामा असतो, पण कुठे बारीकशी चीर पडली की पाणी लोखंड खायला लागतं, तर त्याच्याऐवजी त्याने ही रॉड खावी म्हणून.

"म्हणजे ही रॉड विरघळून पाण्यात जाते?"

"मग कुठे जाणार वहिनी."

मॅग्नेशियम पोटात गेल्याने काही होत नाही, ते तसंही पाण्यात असतंच. पण इतके महिने मी जे वरण घातलं डब्यांमध्ये त्यात हा गाळ पण गेला असणार हे परात समोर असताना मनातून जाईना. वासाचं कारण पण त्यानेच सांगितलं. नेरुळला येतं ते मोरबेचं पाणी, भोकरपाड्याला शुद्ध होऊन, त्यात क्लोरीन असतं, पिण्याच्या पाण्याच्या आपल्या मानकात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम तरी क्लोरीन शिल्लक असावं असं आहे. ते पाणी गिझरमध्ये बारा दिवस कोंडून ठेवलं की क्लोरीन संपून जातं, मग पाण्यातल्या सल्फेटवर जगणारे जंतू त्या रॉडच्या जोडीने सडक्या अंड्याचा वायू तयार करतात. उपाय साधा आहे, बाहेरगावाहून आलं की गिझर पूर्ण तापवायचा आणि पहिल्या दोन टाक्या सोडून द्यायच्या. रॉड वर्ष-दोन वर्षांनी बदलायची. ही रॉड वॉरंटीत बसत नाही, खोलून साफ करायचे पैसे पण वॉरंटीत नाहीत, टाकीला पाच वर्षं वॉरंटी आहे पण टाकी वाचते ती रॉडमुळे आणि रॉड आपल्या पैशाने, असा सगळा तो कारभार. ७५० घेतले. पुस्तिकेत हे कुठे होतं म्हणाल तर सतराव्या पानावर, मुंगीच्या अक्षरात. दुकानदाराने सांगितलं नाही, बसवायला आलेल्याने सांगितलं नाही.

त्यानंतर मी खरंच वाचत बसले की स्वयंपाकाला गरम नळाचं पाणी का नको म्हणतात, आणि गंमत म्हणजे बाहेरच्या देशात हे अधिकृतपणे सांगतात. अमेरिकेचं पर्यावरण खातं, ईपीए, त्यांचा सरळ सल्ला आहे, प्यायला, स्वयंपाकाला आणि बाळाच्या दुधाला गार नळाचंच पाणी घ्या. त्यांचं कारण शिसं. तिकडे जुन्या घरांत शिशाचे पाइप आणि शिशाचं सोल्डर असायचं, १९८६ मध्ये नवीन कामात त्यावर बंदी आली, पण जुनं आहे तिथेच आहे, आणि गरम पाण्यात शिसं जास्त पटकन विरघळतं. आणि उकळून काही उपयोग नाही, उकळल्याने जंतू मरतात, शिसं मरत नाही, उलट पाणी आटलं की तेवढंच शिसं कमी पाण्यात उरतं. हे वाचून मी जरा गप्पच झाले, कारण आपल्याकडे ‘उकळून घेतलं ना, मग झालं’ हे सगळ्यावर औषध असतं.

आता आपल्याकडे शिशाचे पाइप नसतात, घाबरून जाऊ नका. आपल्या जुन्या सिडकोच्या बिल्डिंगांमध्ये जीआयचे, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी, नवीनमध्ये सीपीव्हीसी. पण नळ, अँगल कॉक, जोड हे पितळेचे, आणि पितळ कापायला सोपं जावं म्हणून त्यात थोडं शिसं घालतात, विशेषतः रस्त्यावरच्या हार्डवेअरमध्ये जे दीडशेला चमकणारे कॉक मिळतात त्यात काय आहे कोण सांगणार. पीव्हीसीच्या पाइपमध्ये पण शिशाचे स्टॅबिलायझर वापरायचे, ते बंद करायला आपल्या केंद्र सरकारने २०२१ मध्ये नियम काढलेत, म्हणजे त्याआधीचे पाइप आपापल्या भिंतीत आहेतच. आपल्या मानकात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे, म्हणजे किती कमी बघा, ते डोळ्याला, जिभेला, नाकाला काही कळणार नाही. एखाद्या दिवशी गरम नळाचं पाणी कुकरमध्ये गेलं म्हणून कोणाला काही होत नाही, मला पण तसं म्हणायचं नाहीये. पण घरात तान्हं मूल असेल, कोणी गरोदर असेल, तर रोजची सवय नको. आणि जिथे वेळ पण वाचत नाही, पैसे पण वाचत नाहीत, चव पण जाते, तिथे हा धोका तरी घ्यायचा कशासाठी.

हाच नियम गार नळाला पण थोडा लागू आहे बरं का. रात्रभर पाइपात बसलेलं पहिलं पाणी स्वयंपाकाला घेऊ नये. मी सकाळी उठल्यावर अर्धी बादली आधी काढते, ती लादी पुसायला आणि कुंड्यांना, मग कळशी भरते. पाणी वाया घालवायचं नाही, सोसायटीत त्यावरून आधीच भांडणं आहेत.

ठाण्याला माझी ताई राहते, घोडबंदर रोडला, तिचं म्हणणं माझ्या बरोब्बर उलट. तिच्याकडे वर्षातले कित्येक महिने टँकर, पाणी जड, डाळ चार शिट्ट्यांत पण शिजत नाही, भांड्यांवर पांढरे डाग. ती म्हणते गिझरच्या पाण्यात डाळ बरी शिजते. मी आधी हसले, पण त्यात थोडं तथ्य आहे. जड पाण्यातला कॅल्शियम डाळीच्या दाण्याला धरून ठेवतो, तो फुटतच नाही, आणि पाणी तापवलं की त्यातला काही कॅल्शियम खडूसारखा खाली बसतो, म्हणजे ताईच्या डाळीला त्रास देणारा खडू तिच्या गिझरच्या कॉइलवर बसतो. डाळ शिजते आणि कॉइल जाते. दोन वर्षांत दुसरी कॉइल घातलीये तिने. तिला मी सांगितलं, ताई त्यापेक्षा प्यायच्या फिल्टरचं पाणी डाळीला घाल ना, कुकरला लागतं किती, तर म्हणे फिल्टरचं पाणी डाळीला घालवायला मी काय वेडी आहे. मोठी बहीण आहे, पुढे बोलले नाही. त्यांच्या सोसायटीने आता पाणी हलकं करायचा प्लँट बसवलाय, त्यात कॅल्शियम जाऊन त्याच्या जागी सोडियम येतं, म्हणून बीपीवाल्यांनी ते पाणी पिण्याआधी डॉक्टरला विचारावं असं माझं आपलं मत.

ज्यांच्या गच्चीवर सोलर आहे आणि बिल्डरने ती लाइन किचनपर्यंत दिलीये, त्यांनी अजून सांभाळा. उन्हाळ्यात त्या टाकीतलं पाणी चटका बसेल एवढं असतं, पण पावसाळ्यात आठ-आठ दिवस ते नुसतं कोमट पडून असतं, आणि कोमट म्हणजे जंतूंना एकदम आवडतं हवामान. भांडी घासा, पोटात घेऊ नका.

आता सगळ्यात मोठी गोम. मे महिन्यात दुपारी दोन वाजता आमच्या सातव्या मजल्यावर गार नळ असा काही प्रकारच नसतो. काळी टाकी, गच्चीवर उघड्यावर लोळणारे पाइप, उजवीकडचा नळ सोडला तरी पहिलं बादलीभर पाणी हात भाजेल असं. म्हणजे अमेरिकेचा सल्ला सांगतोय गार नळाचं घ्या, आणि नेरुळचा गार नळ म्हणतोय मी गार नाही. त्याला मी एवढंच करते की स्वयंपाकाचं पाणी सकाळी सहालाच भरून ठेवते, एक स्टीलचं पिंप आणि एक माठ, दुपारी नळाला हातच लावत नाही. आणि आरओ असेल तर दुपारी तो चालवू नका, त्याच्या आतल्या मेंब्रेनला चाळीस-पंचेचाळीसच्या वरचं पाणी सोसत नाही, आमचा एक मेंब्रेन असाच उन्हाळ्यात गेलाय, तेव्हा कळलं नव्हतं का गेला.

मग स्वयंपाकात गरम पाणी वापरायचंच नाही का? असं कुठे म्हटलं मी. आपला अर्धा स्वयंपाक गरम पाण्यावर आहे. तांदळाच्या भाकरीला उकळतं पाणी लागतं, त्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, उकड निघाली तरच भाकरी थापली जाते. मोदकांची उकड, तेच. उसळीला मध्येच गार पाणी ओतलं की वाटाणे दडदडीत राहतात. चिंच-कोकम भिजवायला कोमट लागतं. पण हे सगळं साठ डिग्रीच्या पाण्याने होतच नाही, भाकरीला गिझरचं पाणी घेऊन बघितलं मी, चिरा पडल्या कडेला, आधण ते आधणच. आणि आई काय करतात, उसळ टाकली की कढईवर ताट ठेवतात आणि ताटात पाणी. खाली वाफ अडते, वर पाणी तापतं, उसळ कोरडी पडायला लागली की तेच ताटातलं पाणी आत. गॅस तोच, एक पैसा जास्त नाही, पाणी पिंपातलं. मी चार हजार आठशे अधिक बाराशे अधिक साडेसातशे घालवून जे करायला गेले ते हे ताट माझ्या लग्नाआधीपासून फुकटात करतंय.

घाईच्या सकाळसाठी मी शेवटी एक साधी दीड लिटरची इलेक्ट्रिक किटली आणली, १५०० वॉटची, आतून स्टील. गार पाणी भरायचं, एक लिटर चार मिनिटांच्या आत खळखळून उकळतं, जेवढं हवं तेवढंच, आणि शेगडीसारखी आच बाजूने वाया जात नाही. आता कुकरमध्ये तेच जातं. किटलीची वेगळी तक्रार काही नाही, फक्त दोरी आखूड आहे.

तर मार्क. भांड्यांसाठी आणि थंडीत हात धुवायला गिझर, पाचपैकी पाच, परत घेईन, सहा लिटरचाच घेईन. बसवायच्या कामाला तीन. सर्व्हिसला एक, तो पण त्या मेकॅनिक पोरामुळे. स्वयंपाकासाठी शून्य, आणि हे शून्य कंपनीचं नाही, माझ्या कल्पनेचं आहे. घेणार असाल तर दुकानातच विचारा की रॉड आहे का, कितीला मिळते, कोण बदलून देतं, आणि उत्तर देताना दुकानदार इकडेतिकडे बघायला लागला तर दुसरं दुकान बघा.

डावीकडच्या नळाच्या खटक्याला मी आता लाल इन्सुलेशन टेप गुंडाळलीये, मुलांना आणि मावशीला कळावं म्हणून. मुलांना कळलं, मावशीला कळलं. परवा रात्री साडेअकराला किचनमध्ये मॅगीचं पातेलं खणकलं, नळ सुटल्याचा आवाज आला, आणि आतल्या खोलीतून आईंचा, झोपेतच बहुतेक, "अरे, डावीकडचा नको."